जमिनीचं सोंग

"खाली फाटकावर तुमच्या आई आल्यात," असं पहारेकऱ्याने फोनवर सांगितलं, तेव्हा तिपोको आईच्याच घराची जमीन तापवत बसली होती. कॉम्प्युटरच्या पडद्यावर. दुपारचा सूर्य तिने डोक्यावर आणून ठेवला होता, कडुनिंबाची सावली खोडाशी गोळा झाली होती आणि फाटकाबाहेरचा मुरूम लाल होत होत काळपट झाला होता, कारण साठ अंशांच्या वर गेलं की तोच रंग द्यायचा असं तिने ठरवलं होतं. आईला जाऊन वर्ष होत आलं होतं. पहारेकरी म्हातारा, तिच्याच मोसी जमातीचा, अदबीचा माणूस. त्याने थट्टा केली नव्हती, रीतीप्रमाणे जे म्हणायचं तेच म्हटलं होतं. हे सगळं तिला ठाऊक होतं. तरी फोन ठेवता ठेवता क्षणभर तिला खरंच वाटलं की आई आलीये, जिना चढवत नाही म्हणून खाली थांबलीये, आणि आपण उशिरा उतरलो तर आता बोलणी खावी लागणार. मग तो क्षण गेला. तो गेला याचं तिला इतकं वाईट वाटलं की ती उठलीच नाही, तशीच खुर्चीत बसून राहिली.

खाली कोण आलं होतं ते तिला माहीत होतं. आझेता आली होती, तिच्या भावाची, नोआगाची बायको. मोसी लोकांत घरातलं वडीलधारं माणूस गेलं की त्याला मातीआड लगेच करतात, पण त्याचा खरा निरोप सवडीने होतो, पिकं घरात येऊन चार पैसे आणि चार माणसं जमली की. त्या दिवसांत घरातली एक सून गेलेल्याचे कपडे अंगावर घालते, त्याच्यासारखी चालते, बोलते, खोकते, त्याचे हट्ट करते. तिला कुरिता म्हणतात. तिला कुणी तिच्या नावाने हाक मारायची नाही. नवऱ्याने, शेजाऱ्यांनी, सगळ्यांनी गेलेल्याच्या नावाने मारायची, आणि पोटच्या पोरांनी आई म्हणायचं. शेवटच्या संध्याकाळी ती ते कपडे उतरवते आणि मग मेलेलं माणूस वाटेला लागतं. ती संध्याकाळ आजची होती. तिपोको आदल्या दिवशी गेली नव्हती, त्याच्या आदल्या दिवशीही नाही. कामाचं निमित्त सांगितलं होतं. सकाळी नोआगाने फोन करून आवाज न चढवता विचारलं होतं की सगळे पाहुणे म्हातारीला लामूसा म्हणून हाका मारतायत, एकुलत्या एका लेकीने आई म्हणायचं नाही तर म्हातारीने जायचं कसं. तिने येते म्हटलं आणि परत पडद्याकडे वळली.

तिला तो शब्द म्हणायचा नव्हता असं मुळीच नाही. वर्षभर त्या शब्दासाठी तिचा जीव तुटत होता. बाजारात कुठल्याही पोरीने आई म्हणून हाक मारली की तिची मान आपोआप वळायची, हाक मारणारीकडे नाही, जिला मारली तिच्याकडे. रात्री अंथरुणावर तो शब्द तिने तोंडातल्या तोंडात म्हणून पाहिला होता, पण ऐकायला समोर कुणी नसलं की तो शब्द राहात नाही, नुसता आवाज होतो. आता समोर कुणीतरी येऊन बसलं होतं, रीतीने, हक्काने, संध्याकाळपर्यंत. पण ते कुणीतरी आझेता होतं, आणि आझेताबद्दल तिच्या मनात एक अढी बसली होती. तिकडे फ्रान्सला, तुलूझमध्ये असताना आईच्या शेजारणीने फोनवर दुःख व्यक्त करता करता सहज म्हटलं होतं की बाई गं, एवढ्या एप्रिलच्या उन्हात म्हातारी फाटकाबाहेर भुईवर बसलेली, तिथेच कोसळली, आणि सून कुठे होती देव जाणे. एवढंच. शेजारीण विसरूनही गेली असेल. तिपोकोला ते वाक्य विमानात पुरलं, परतल्यावर पुरलं, आणि कामावर रुजू झाल्यावर तर तिच्या हातात ते वाक्य तपासून बघायचं साधनच होतं.

तिचं काम असं होतं की एखादी मोकळी जागा घ्यायची, शाळेचं मैदान म्हणा, दवाखान्याचं आवार म्हणा, आणि तिथली जमीन कुठल्या वेळी कुठे किती तापेल ते कॉम्प्युटरमध्ये काढायचं. ऊन किती पडलं, त्यातलं किती मातीने परत फेकलं, किती वाऱ्याने नेलं, किती खाली मुरलं, शेजारच्या भिंतीने आपली धग किती ओकली. सावली कुठून कुठे सरकली. त्यावरून झाडं कुठे लावायची, छप्पर कुठे घालायचं ते ठरायचं. कारण या शहरात माणसं खुर्चीवर बसून वाट बघत नाहीत, चटई टाकून भुईवर बसतात. आईला हे एकदा फोनवर सांगायचा प्रयत्न केला होता. जमिनीचं सोंग करते मी, असं ती म्हणाली होती, खरी जमीन उन्हात कशी वागेल ते आधीच वागून दाखवायचं. आई घसा खाकरून म्हणाली, "म्हणजे जमिनीची कुरिताच की. पण जमीन मेली कुठेय अजून?" आणि दोघी हसत सुटल्या होत्या, इतक्या की तिकडे तुलूझमधल्या शेजाऱ्याने भिंतीवर टकटक केली. या कामात सावलीचा एक चमत्कारिक हिशेब असतो. सावली येते ती लगेच येते, पण जमीन लगेच निवत नाही. सकाळभर तापलेल्या जागेवर दुपारी सावली पडली तरी हात लावला तर चटका बसतो. म्हणून ज्या दिवसाचं काढायचं त्याच दिवसापासून सुरुवात करून चालत नाही. आधीचे काही दिवस जमिनीला उन्हातून काढावे लागतात, नाहीतर उत्तर खोटं येतं. नव्या पोरांना ती हे नेहमी बजावायची.

आईच्या घराची जमीन तिने कुणाला न सांगता मांडली. परतल्यानंतर पहिल्यांदा घरी गेली तेव्हाच टेप घेऊन गेली होती. अंगण, भिंत, पत्र्याचं फाटक, कडुनिंब, बाहेरचा मुरमाचा पट्टा, पलीकडे डांबरी सडकेपर्यंत गेलेला लाल रस्ता. टेपचं दुसरं टोक आझेतानेच धरलं होतं. कशासाठी, असं तिने विचारलं आणि तिपोकोने अभ्यासासाठी असं तोंडदेखलं उत्तर दिलं. जाताना फाटकाबाहेर, शेजारणीने सांगितलेल्या जागी, तिने जमिनीचं तापमान मोजून ऑफिसात कळवणारा बटणाएवढा एक मापक मातीत दाबून ठेवला, कोंबड्यांना उकरू देऊ नका म्हणाली आणि निघून आली. आई गेली त्या दिवसाचं उत्तर सहज निघालं. निंबाखाली चाळिसाच्या आतबाहेर, तिथे म्हातारं माणूस दिवसभर बसू शकतं. फाटकाबाहेर साठाच्या पुढे. दहा पावलांवर सावली असताना कुणी आपण होऊन तिथे बसेल का? बसवलं असेल. घरातल्या भांडणाने, कटकटीने, कशानेही. तिपोको ते चित्र पुन्हा पुन्हा चालवायची, सूर्य पुन्हा पुन्हा वर आणायची. खरं सांगायचं तर आझेताला दोषी धरण्यापेक्षाही तिला त्या अंगणात राहायचं असायचं. पडद्यावर आई नव्हती, माणूस मांडायची सोयच नव्हती तिथे, पण आई जिथे होती ती जागा होती, आणि रंग बदलत बदलत दिवस सरकायचा.

घोटाळा फक्त मापकाचा होता. पहिले काही दिवस तो आणि तिचं गणित हातात हात घालून चालले. मग एकाएकी मापक सांगायला लागला की फाटकाबाहेर भर दुपारी गारवा आहे. रोज. तिथे ना झाड ना भिंत, सावली टाकेल असं काही नव्हतंच. तिने सूत्रं तपासली, मातीचा रंग बदलून पाहिला, वारा वाढवून पाहिला आणि शेवटी हात टेकले. शेजारच्या टेबलावर आन्सेल्म तोए बसायचा. तो सामो जमातीचा, आणि सामो नि मोसी यांचं थट्टेचं नातं. एकमेकांना गुलाम म्हणायचं, कुत्रेखाऊ म्हणायचं आणि रागवायचं कुणी नाही. तो आकडे बघून म्हणाला होता की तुमच्या मोसी जमिनीलाही खोटं बोलायची सवय दिसते, इथे कुठेतरी पाणी मुरतंय. तिने तो विषय तिथेच सोडला होता. आत्ताही त्याने तिचं फोनवरचं बोलणं ऐकलं होतं, आणि बराच वेळ ती उठत नाही हेही पाहिलं होतं. तो खुर्ची न वळवता म्हणाला, "जा की. गुलामाची असली तरी आईच आहे. उन्हात उभी असेल."

ती उठली. जिना उतरताना तिला वाटलं होतं की आपल्याला राग येईल. पण आवारात पाय टाकला आणि फाटकाशी जी उभी होती तिचा उजवा खांदा किंचित खाली होता, डोक्यावर या उकाड्यात ती तपकिरी लोकरीची टोपी होती, आणि ती पहारेकऱ्याला त्याच्या बायकोवरून काहीतरी टोचून बोलत होती. तो मान खाली घालून हसत होता, आईपुढे सगळे हसायचे तसाच. आझेता तशी उंच. ती आईएवढी कशी झाली होती कोण जाणे. तिपोको जवळ गेली तेव्हा तिने घसा खाकरला, तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, "आलीस का फ्रान्सवाली. वर गारव्यात बसून आईला खाली वाळत घालतेस होय?" तिपोकोच्या ओठांपर्यंत काहीतरी आलं. ते तिथेच अडलं. ती नुसतं "चला" म्हणाली. पहारेकऱ्याने ते ऐकलं, आणि तोंड दुसरीकडे केलं.

तिपोकोच्या मोपेडवर कुरिता मागे एका बाजूला पाय सोडून बसली, आईसारखी. आईला मोपेडची भीती वाटायची, ती कंबर धरायची नाही, पाठीवरच्या कपड्याचा बोळा मुठीत आवळून धरायची आणि प्रत्येक वळणाला आता मेले म्हणायची. आत्ताही पाठीवर कपडा आवळला गेला. चौकात दोनदा आता मेले झालं. ट्रंकेत वर्षभर बंद राहिलेल्या त्या कपड्यांना शियाच्या बियांच्या तेलाचा नि डांबरगोळ्यांचा वास येत होता, त्यातला डांबरगोळ्यांचा वजा केला की आईच उरत होती, आणि तिपोको गाडी मुद्दाम हळू चालवायला लागली. तिला आठवलं, ती अगदी लहान असताना कालवणात घालायच्या सोंबालाच्या वड्या विकायला आईबरोबर जायची. चप्पल नसायची. रस्त्यात आई कुणाशी बोलत थांबली की खालची माती तळपायांना सोसायची नाही, मग ती आईकडे तोंड करून आईच्या पायांवर पाय ठेवून उभी राहायची, तिच्या पोटात नाक खुपसून. वर आई बोलत असायची आणि ते बोलणं पोटातून ऐकू यायचं, शब्द कळायचे नाहीत. आई कधी पाय काढून घेत नसे. कितीही वेळ बोलणं चालो. त्या पोटातून ऐकलेल्या आवाजासाठी तिपोकोला आत्ता, भर रहदारीत, हंबरडा फोडावासा वाटला. मागून आवाज आला की सिग्नल सुटलाय, झोपलीस का. आवाज बराचसा आईचा होता. तिने गाडी पुढे काढली.

घरी फाटकाबाहेर मोपेडींची रांग लागली होती. आत निंबाखाली पाहुणे दाटीवाटीने बसले होते, ज्वारीच्या दारूची भांडी फिरत होती, ढोलवाले ढोलांचं चामडं शेकून घेत होते. नोआगा दारात आला, त्याने बायकोला वाकून, आई, आत चला, माणसं खोळंबलीत असं म्हटलं आणि मग बहिणीकडे पाहिलं. त्याला काय विचारायचं होतं ते तिला कळलं. तिने मान हलवली नाही. कुरिता आत गेलीच नाही. ती फाटकाच्या बाजूला, मुरमावर, उन्हात, एक गुडघा उभा करून खाली बसली. लोकांनी त्याचं काही वाटून घेतलं नाही, म्हातारी बसायचीच तिथे. तिपोकोच्या डोळ्यांसमोर मात्र पडद्यावरचा तो सगळा काळपट पट्टा आला, आणि त्यावर आता माणूस होतं. तिला वाटलं की ही बाई आपल्याला डिवचायला बसलीये. तेवढ्यात कुरिताच्या पायाशी तिला एक तुंबं दिसलं. अर्धं कापलेलं, आईचं झूमकूम, म्हणजे बाजरीच्या पिठाचं सरबत, प्यायचं भोपळ्याचं तुंबं, भुईवर पालथं घातलेलं आणि वाऱ्याने उडू नये म्हणून वर दगड. तिने दगड बाजूला केला, तुंबं उचललं. खाली तिचा मापक होता. त्याच्या भोवतीची माती हाताला गार लागली.

तिला हसू आलं आणि ते हसू अर्ध्यातच फिसकटलं. ती भुईकडेच बघत म्हणाली, "हे कुणी घातलं इथे?"

कुरिताने घसा खाकरला. "कोण घालणार, माझी सून. तू काहीतरी पुरून गेलीस, कोंबड्यांपासून जपा म्हणालीस. ही म्हणते एवढंसं ते, उन्हात भाजून जाईल. चांगलं तुंबं घालवलं माझं." मग आईच्या त्याच कुरकुरीच्या सुरात, "तिला काही उन्हात ठेवलेलं बघवत नाही. बादली नाही, कोंबडी नाही. मी इथे बसले की आलीच दंड धरायला. आई आत चला, आई आत चला. नुसतं डोकं उठवायची."

"मग तू जायची नाहीस आत?" तिपोकोने विचारलं. आपण तू म्हटलं हे तिच्या नंतर लक्षात आलं. वहिनीला ती तुम्ही म्हणायची.

"जायची ना. ती चुलीकडे वळली की परत यायची."

"का पण? आत एवढी सावली आहे."

"आतून रस्ता दिसतो का?"

तिपोकोने वळून पाहिलं. इथून लाल रस्ता थेट डांबरापर्यंत दिसत होता, जिथे शहरातून येणारी टॅक्सी माणसं सोडते. आतून खरंच दिसत नव्हता. भिंत आडवी येत होती. ती भिंत तिने किती उंच, किती जाड, किती धग धरते हे सगळं मांडलं होतं. "कशाला बघायचा रस्ता," ती म्हणाली, आणि तिचा आवाज तिलाच लहान मुलीसारखा वाटला. "मी तिकडे होते. येते असं मी कधी म्हटलंच नव्हतं."

"तू कुठे म्हटलंस. मीच सांगत सुटायची सगळ्यांना, पोरगी येणारे म्हणून. सांगितलं की दिवस बरा जायचा."

आत ढोल सुरू झाला आणि कुणीतरी थांबवला. आझेताचे डोळे भरले होते. पण डोळे तिचे, तोंड अजून आईचंच होतं. ती रस्त्याकडे बघत बोलत राहिली. थांबली असती तर तिला पुन्हा बोलता आलं नसतं, हे तिपोकोला दिसत होतं. "त्या दिवशीसुद्धा. सकाळी उठले तेच म्हणत, आज येतेय पोरगी, आणि घरात पीठ नाही. सून म्हणे, आई, त्यांचा फोन नाही काही नाही. मी म्हटलं तू मला शिकवू नकोस, गिरणीवर जा. जात नव्हती. मला आत निंबाखाली बसवलं, पाणी जवळ ठेवलं, हलू नका म्हणाली, मग गेली. गिरणीवर रांग होती." तिने घसा खाकरला. "तिच्या डोक्यावर पीठ होतं अजून, मला उचलून आत नेलं तेव्हा. सगळं सांडलं माझ्या अंगावर."

तिपोको उभी होती. तिने गणितात एकच दिवस घेतला होता, आणि तोही फाटकापाशी सुरू होऊन फाटकापाशी संपणारा. त्याच्या आधीचे सगळे दिवस, रोज दुपारी दंड धरून आत नेणारे आणि रोज मागून गुपचूप बाहेर येणारे, या बाईने एकटीने काढले होते, आणि वर्षभर ती ते कुणापाशी बोलली नव्हती. तिच्या तोंडाने बोलायची सोयच नव्हती. सून सासूच्या मरणाची सारवासारव करते म्हटलं असतं लोकांनी. आईचे कपडे अंगावर चढल्यावर तिला सांगता आलं, आणि तेही सांगायला ती भर उन्हात शहराच्या पार पलीकडे चालत आली होती. नोआगा पुन्हा दारात आला. ऊन उतरायला लागलं की कपडे उतरवायचे, मग हे माणूस जाणार, मग ही आझेता होणार, टोपी काढून उंच होणार, आणि तिपोको तिला वहिनी म्हणणार, आयुष्यभर म्हणणार, चांगल्या मनाने म्हणणार. पण ऊन अजून उतरलं नव्हतं. तिपोकोने चपला काढल्या. तळपाय चरचरले. ती कुरिताच्या अंगाला लागून खाली बसली, आणि धग कपड्यातून मांड्यांना भिडली तशी तिच्या तोंडून चीत्कार निघाला, कारण आकडा ठाऊक होता तरी चटका ठाऊक नव्हता. कुरिता लगेच म्हणाली, ऊठ, भाजेल, आत जा. तिपोको उठली नाही. तिने रस्त्याकडे तोंड केलं. तिथून कुणीच येत नव्हतं, नुसता लाल फुफाटा आणि त्यावर हलणारी हवा. माणसं बघत होती. तिला वाटलं, बघू देत.

"आई," ती म्हणाली, "जरा सरक."